माझ्या नावावरची लाईन

भेंडाळा, खापरखेड्याच्या पुढे
रविवार, २३ नोव्हेंबर

नूपुर,

फोनवर तू मला ब्लॉक केलं आहेस, म्हणून पत्र. पोस्टमनला ब्लॉक करायचं बटण अजून कोणी काढलेलं नाही. आणि तुझा पत्ता शोधावा लागला नाही, नऊ वर्षं तो माझाही पत्ता होता.

घाबरू नको, भांडायला लिहीत नाही. एकच काम आहे. आपण क्लाससाठी वायफाय घेतलं तेव्हा ते कोणाकडून घेतलं, कमीत कमी किती महिन्यांचं घ्यावं लागतं, कागद काय काय लागले, एवढं कळव. ते सगळं तूच पाहायचीस. मी आपली फळ्यापुढे उभी राहून इंटिग्रेशन शिकवायची. आता फळाही मलाच पाहायचा आहे आणि तारही.

भेंडाळ्याला खोली घेतली आहे. बसनं खापरखेडा, तिथून सीटवाला ऑटो. गच्चीवरून वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. घरमालक धोंडबा, त्यांची बायको सिंधूताई आणि दोन म्हशी, एवढाच शेजार. खोली मार्चअखेरपर्यंतच मिळाली, एप्रिलात त्यांच्या मुलाचं लग्न आहे. मलाही तेवढीच हवी. फेब्रुवारीत बारावीचा बोर्ड, गणिताचा पेपर झाला की मी मोकळी. म्हणून चार महिन्यांपुरतं नेट शोधून राहिले.

तू म्हणशील, नागपुरात काय खोल्या संपल्या? संपल्या नाहीत. पण जिथे गेले तिथे बाई दार उघडून आधी माझ्या तोंडाकडे निरखून पाहायची आणि मग विचारायची, "आता बरं आहे ना तुम्हाला?" मानेवाड्यात तेच, नरेंद्रनगरात तेच. माझ्या आजाराची बातमी माझ्याआधी पोचलेली. कोणी पोचवली देव जाणे. तू शपथ घेऊन म्हणालीस की तुझ्या तोंडून एक शब्द गेला नाही, मी मानलं. तुझ्या सासऱ्यांना, कृष्णकांतकाकांना, वरची खोली पाहुण्यांसाठी हवी होती, तेही मानलं. तशी मी लवकर मानते.

बाकी क्लास छान चालू आहे. चाळीसेक मुलं माझ्याबरोबर राहिली. हवा मोकळी आहे, झोप लागते.

उत्तर पाठव.

मुग्धा


भेंडाळा
रविवार, ३० नोव्हेंबर

नूपुर,

उत्तर नाही. बरं.

मागच्या पत्रात चाळीस मुलं लिहिली ती थाप होती. अकरा आहेत. पंच्याण्णवातली अकरा. उरलेली चौऱ्याऐंशी रोज तुझ्या हॉलमध्ये बसतात किंवा घरून तुझ्या स्क्रीनवर येतात, म्हणजे हिशेब तुला माझ्यापेक्षा आधी माहीत. मग मी थाप कोणाला मारून राहिले होते? मलाच मारली असेल.

आणि क्लास छान चालू नाही. फोनला रेंज येते ती फक्त गच्चीच्या एका कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीपाशी. संध्याकाळी सहाला मी कानाला मफलर गुंडाळून टाकीला पाठ लावून बसते, मांडीवर लॅपटॉप, शेजारी विटेवर फोन. परवा सिंधूताई जिन्यातून डोकावल्या. "काहून वं मॅडम, एवढ्या थंडीत कोनाशी बोलून राह्यल्या?" म्हटलं, शिकवून राहिले. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "टाकीले?"

हसलीस ना? मीही हसले. मग स्क्रीनकडे पाहिलं तर अकराच्या अकरा मुलं "ऐकू येत नाही" म्हणून हात हलवत होती. आवाज दहा मिनिटांपूर्वीच तुटला होता. प्रश्न पूर्ण सोडवून झाला होता माझा, उत्तरासकट.

नेटसाठी काय काय केलं ते ऐक. सीताबर्डीच्या एका दुकानातून खिशात मावेल एवढा राऊटर आणला. दुकानदार म्हणाला, "मॅडम, जंगलात पण चालेल." जंगलात चालत असेल, भेंडाळ्यात नाही चालत. मग कंपन्यांना फोन. एकीनं सांगितलं, तुमच्या पिनकोडवर सेवा नाही. दुसरीची आहे, पण वर्षभराचं घ्या आणि स्वतःच्या नावाचं लाईट बिल द्या. म्हटलं, भाड्याची खोली आहे, चार महिन्यांचा करार आहे. ती पोरगी इतक्या गोड आवाजात "सॉरी मॅम" म्हणाली की मला तुझी आठवण झाली. तिसऱ्या कंपनीचा डबा गच्चीवर बसतो, त्याची तार भिंतीतून आत घ्यावी लागते. तिथे धोंडबा आडवे आले. "भितीले भोक पाडू देनार नाई मी. अन् त्या डब्ब्याच्या लहरीनं म्हैस आटते, आयकलं हाये." ग्रामपंचायतीत म्हणे सरकारी तार येऊन पडली आहे. डबा कुलपात, किल्ली ग्रामसेवकाकडे, आणि ग्रामसेवक तीन गावांचा मिळून एक.

चार महिन्यांचा माणूस कोणाच्याच खात्यात बसत नाही, नूपुर. एक तर वर्षाचे व्हा, नाहीतर चालायला लागा.

मी मागितलं काय होतं? एक नाव आणि एक फोन नंबर. वीस वर्षांच्या मैत्रीत एवढंही जड झालं का वं तुला?

मुग्धा


भेंडाळा
रविवार, ७ डिसेंबर

नूपुर,

काल गार्गीच्या वडिलांचा, आनंदरावांचा फोन आला. सभ्य माणूस आहे, त्यामुळे जास्त लागलं. म्हणाले, "मॅडम, गार्गीचा अर्धा तास तर तुमचं थिजलेलं तोंड पाहण्यातच जाते. आम्ही अकराही घरं बोललो आपसात. पंधरा तारखेपर्यंत थांबतो. तेव्हा जर नेट नीट झालं नाही तर मनात नसूनही पोरांना नूपुर मॅडमकडे टाकावं लागंल. बोर्डाचं वर्ष आहे, राग मानू नका." आणि वर म्हणाले, "तुमच्या तब्येतीचं आम्ही कधी मनावर घेतलं नाही बरं का."

मी विचारलं, माझ्या तब्येतीचं तुम्हाला कोणी सांगितलं? ते म्हणाले, "जाऊ द्या ना मॅडम." आणि गार्गीला हाक मारायला लागले.

म्हणजे आठ दिवस आहेत माझ्याकडे. सोमवार, पंधरा डिसेंबर, संध्याकाळी सहा. तोवर तार आली नाही तर ही अकराही तुझ्याकडे येतील आणि माझ्याकडे शिकवायला ती टाकीच उरेल. बावीस वर्षं मी गणिताशिवाय दुसरं काही केलेलं नाही. दुसरं येतच नाही मला काही. आईच्या माघारी मी पुन्हा उठले ती या मुलांच्या सहाच्या क्लाससाठी उठले, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे?

एक बरी बातमी. गावात माया नावाची बाई आहे. नवरा वारल्यावर त्याचा केबलचा धंदा तिनं हातात घेतला. समोर शिलाई मशीन, मागे भिंतीवर इंटरनेटचे डबे. ब्लाऊजचं माप घेता घेता ती गावाला नेट देते आणि तार तुटली तर कासोटा मारून स्वतः खांबावर चढते. मी माझी सगळी रडकथा सांगितली. ती टिप मारत मारत म्हणाली, "चार महिने कायले, एक महिना लावा. पटलं तर ठेवा, नाई तर वायर गुंडाळून नेतो मी."

धोंडबांनाही तिनंच गुंडाळलं. "भाऊ, माह्या घरी चार डब्बे हायेत अन् माही म्हैस दोन टाईम दूध देते." तार खिडकीच्या झडपेतून येणार, भिंतीला भोक नाही. धोंडबा आता म्हणतात की आपण कधी नाही म्हटलंच नव्हतं.

बुधवारी आधार कार्ड घेऊन मायाकडे जायचं आहे. तिची तार ज्या कंपनीची आहे, बहुतेक तीच आपली होती, डब्यावरचं चिन्ह ओळखीचं वाटलं.

नूपुर, आता एकच विचारते. तू नाही ना सांगितलंस? एक ओळ लिही. "नाही" एवढंच लिही. मी मानीन.

मुग्धा


भेंडाळा
बुधवार, १० डिसेंबर

नूपुर,

आता तुझ्या "नाही"ची गरज उरली नाही.

मायानं माझा आधार नंबर टाकला आणि मशीनवरचा पाय थांबवला. म्हणाली, "मॅडम, नवीन नाई निंगत. तुमच्या नावावर तर लाईन चालू हाये. नागपुरात, मानेवाड्यात." मला क्षणभर उमगेना. मग आठवलं. तुझ्या सासऱ्यांनी तेव्हा लाईट बिल द्यायला नकार दिला होता. "आमच्या कागदावर कोणती तारबिर आणायची नाही." मग वरच्या खोलीचा माझा भाडेकरार कामी आला आणि क्लासची लाईन माझ्या आधारवर, माझ्या मोबाईल नंबरवर निघाली. सहा वर्षं झाली. रिचार्ज तू करायचीस. दर महिन्याला मला मेसेज यायचा आणि मी जाहिरात समजून पुसून टाकायची. वा रे मी!

म्हणजे मला घराबाहेर काढून, माझी मुलं घेऊन, तू जो क्लास चालवून राहिलीस तो माझ्या नावाच्या तारेवर. मी इथे टाकीला टेकून कुडकुडत बसते आणि माझ्याच लाईनवर तू माझ्याच मुलांना माझंच इंटिग्रेशन शिकवतेस.

एवढ्यावर मी हसून सोडलं असतं. खरंच. मायाला म्हटलंही, "घ्या, शेजारणीनं पातेलं परत केलं नाही तशातली गत." पण माया हसली नाही. तिनं स्क्रीन माझ्याकडे फिरवली. खात्यावरचे जुने अर्ज दिसत होते. ११ ऑगस्ट. नाव बदलण्याचा अर्ज. ग्राहकाचं नाव काढून नूपुरचं घालावं. कारणाच्या रकान्यात तू लिहिलंस, "ग्राहकाची मानसिक स्थिती ठीक नसल्याने त्या व्यवहार करण्यास असमर्थ आहेत." आणि पुरावा म्हणून एक फोटो. धंतोलीच्या डॉक्टरांचा कागद.

तो कागद, नूपुर. आई गेली तेव्हा मी वीस दिवस अंथरुणातून उठले नव्हते. तूच मला आंघोळ घातलीस, स्कूटीवर मागे बसवलंस, धंतोलीला रांगेत माझा हात धरून तीन तास बसलीस. बाहेर आल्यावर कागद माझ्या हातातून घेतलास आणि पर्समध्ये टाकलास. "माझ्याजवळ राहू दे, उगाच कोणी पाहील." मी गळ्यात पडून रडले तुझ्या. कोणी पाहू नये म्हणून जो कागद तू जपलास, तोच तू कंपनीला दाखवलास. मग पालकांना दाखवायला कितीसा वेळ लागला असेल?

मायानं स्क्रीन बंद केली. उठून चहा ठेवला.

११ ऑगस्ट. घरी येऊन मी कॅलेंडर काढलं. श्रावणी सोमवार होता. त्या संध्याकाळी तू मला खाली बोलावलंस, उपास सोडायला. वडाभात केला होतास, वरून फोडणीचं तेल घालत होतीस आणि मी नको नको म्हणत होते. मग दुसऱ्या दिवशी दुपारी तुझे चार मिस्ड कॉल. "ओटीपी आला असेल गं, सांग ना, रिचार्ज करायचा आहे." मी गोळी घेऊन झोपले होते, उठेपर्यंत वेळ निघून गेली होती. अर्ज त्यामुळेच अडकला. मायाच्या स्क्रीनवर लिहिलं आहे, "ग्राहकाचा ओटीपी मिळाला नाही, अर्ज रद्द." ज्या गोळीची तू बदनामी केलीस तिनंच तुझा डाव मोडला.

केसानं गळा कापणं मी शाळेच्या पुस्तकात वाचलं होतं. तो वडाभात वाढणाऱ्या हातानं कापला जातो, हे आता कळलं. आज जिन्यातच बसून राहिले मी, सांगते तुला. सिंधूताईंनी पाठ चोळली आणि म्हणाल्या, "कोनं काय केलं वं बाई तुले?" मला तुझं नाव घेता आलं नाही. लाज तुझी, आणि वाटून मी राहिले.

आता कामाचं. लाईन माझी आहे, मी ती इकडे शिफ्ट करणार. माया म्हणते तिनं इथे बटण दाबलं की तिकडची तासाभरात बंद होते. ती तर आजच दाबायला निघाली होती, सहा वाजता, तुझा क्लास भरला असताना. "दाबू का मॅडम?" माझा जीव केवढा झाला होता हो म्हणायला! पण ती चौऱ्याऐंशी पोरं बोर्डाची आहेत आणि त्यांनी माझं काही वाकडं केलेलं नाही. म्हणून रविवार, १४ तारीख, सकाळी अकरा. रविवारी तुझा क्लास नसतो. हे पत्र स्पीडपोस्टनं जाईल, तुला शुक्रवारपर्यंत मिळेल. नागपुरात एका फोनवर दुसऱ्या दिवशी माणूस येऊन तार जोडतो. सासऱ्यांकडून लाईट बिल माग. या वेळी तुझ्या स्वतःच्या नावावर घे.

मुग्धा


भेंडाळा
सोमवार, १५ डिसेंबर

नूपुर,

काल तुझा फोन आला. पावणेअकराला. माया खाली माझ्या खोलीत डबा बसवून तयार होती, धोंडबा मदतीच्या नावाखाली स्क्रूड्रायव्हर धरून उभे होते. खाली कधी नव्हे ती एक काडी रेंज आली, फोन वाजला आणि तुझं नाव दिसलं. तू मला ब्लॉकमधून काढलंस! मी जिना दोन दोन पायऱ्या करत चढले, रेंज तुटू नये म्हणून. गुडघा आपटला. ते सांगत नाही मी तुला, पण आपटला.

खरं सांगते. त्या दहा पावलांत मी सगळं देऊन टाकलं होतं. तू फक्त "चुकलं गं" म्हटलं असतंस ना, तर मी म्हटलं असतं, राहू दे लाईन, बोर्ड होईपर्यंत राहू दे, ही अकराही घे. अशी मी मूर्ख.

तू म्हणालीस, "मुग्धा, बरी आहेस ना? गोळ्या घेतेस ना वेळेवर?"

तो आवाज मी ओळखते. आजाऱ्याशी बोलतात तो. आणि मागे कोणीतरी खोकललं, कृष्णकांतकाका. मग एक बाई हळूच म्हणाली, "विचारा ना मॅडम, लाईन काहून तोडून राहिल्या त्या." तेव्हा समजलं की फोन स्पीकरवर आहे. तू पालकांना बोलावून बसवलं होतंस. मी ओरडावं, रडावं, शिव्या द्याव्या, म्हणजे तू त्यांच्याकडे पाहून मान हलवणार, "बघा, मी म्हणत नव्हते?"

मी ओरडले नाही. तुला आवडलं नसेल. मी म्हटलं, "हो, घेते. धंतोलीच्या डॉक्टरांकडे दोन वर्षांपासून जाते, आई गेल्यापासून. नूपुरनंच नेलं होतं मला, तिचे उपकार आहेत. लाईन माझ्या नावावरची आहे, ती मी माझ्या घरी आणून राहिले, बुधवारीच पत्रानं कळवलं होतं. कोणाच्या मुलाला गणितात काही अडलं तर माझा नंबर तोच आहे." तू "मुग्धा, अगं" म्हणालीस, स्पीकर बंद केल्याचा आवाज आला, आणि मी फोन ठेवला. जे बोलायला तुला स्पीकर बंद करावा लागतो, ते मला आता ऐकायचं नव्हतं.

खाली येऊन मायाला म्हटलं, दाबा.

आज सहाला क्लास झाला. खोलीत, खुर्चीवर बसून, मफलरशिवाय. अकरा चौकोन, अकराही चेहरे, एकही थिजला नाही. मी ठरवलं होतं की मुलांना आधी मीच सांगायचं. कोणाकडून अर्धंमुर्धं ऐकण्यापेक्षा बरं. म्हटलं, "मुलांनो, मला मागे उदासीचा आजार झाला होता. अजून औषध चालू आहे. त्यानं गणित बिघडत नाही. कोणाला विचारायचं असेल तर विचारा, मग आपण इंटिग्रेशन घेऊ."

गार्गीनं माईक चालू केला. म्हणाली, "मॅम, आम्हाला माहीत आहे. नूपुर मॅमनी ऑगस्टमध्येच सगळ्यांच्या मम्मी-पप्पांना बोलावून सांगितलं होतं, तो कागद पण दाखवला होता. माझे पप्पा म्हणाले, जी बाई मैत्रिणीचा कागद दाखवते तिच्याकडे तुला पाठवणार नाही. म्हणूनच तर आम्ही इकडे राहिलो."

ऑगस्टमध्ये. सप्टेंबरात तू माझ्या वाढदिवसाला केक आणलास. ऑक्टोबरात माझं सामान टेम्पोत चढवताना रडलीस. आणि ही सतरा वर्षांची पोरं चार महिने सगळं माहीत असून गप्प राहिली, मला वाईट वाटू नये म्हणून. तुझ्याकडून ज्याची अपेक्षा होती ते मला यांच्याकडून मिळालं.

मी थोडा वेळ कॅमेरा बंद केला. मग चालू केला आणि तीन प्रश्न घेतले, तिसऱ्यात माझीच चूक झाली आणि गार्गीनं पकडली.

यानंतर मी लिहिणार नाही. तूही लिहू नको. तुझं पाकीट आलं तर मी ते उघडीन, नूपुर, उघडल्याशिवाय राहवणार नाही मला. म्हणून पाठवू नको.

मुग्धा